लग्नाच्या पन्नाशीची चिकटवही करतेय, त्यात कोलाज कसं जमवायचं?

कवडसा:

नमस्कार मंडळी,

तुळशीच्या लग्नानंतर आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. हॉल, जेवण वगैरे होईलच पण त्यांना मांडीवर घेऊन बघता येईल अशी एक मोठी चिकटवही करायची असं आम्ही भावंडांनी ठरवलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय, मी आनंदाने घेतलंय.

सामान भरपूर आहे. लग्नपत्रिका (कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली), ब्लॅक अँड व्हाइट फोटो, त्यातले काही नागमोडी कडेचे, बाबा भिलाईला नोकरीला होते तेव्हा त्यांनी आईला मिरजेला पाठवलेली निळी अंतर्देशीय पत्रं, अभिनंदनाच्या दोन तारा, जाड पुठ्ठ्याची रेल्वेची तिकिटं, आहेर कोणी काय दिला ते लिहिलेली वही, आईच्या शालूचा काठ (शालू विरलाय पण काठ अजून छान आहे), मग ८०-९० सालातले रंगीत फोटो जे आता लालसर झालेत, आणि शेवटी नातवंडांचे मोबाइलवरचे.

अडचण अशी की मला नुसता फोटो, खाली नाव, परत फोटो असा अल्बम नकोय, कोलाज हवंय. पण एक पान न चिकटवता मांडून बघितलं तर ते सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं दिसतंय, सगळं सुटं सुटं, कशाचा कशाला संबंधच वाटत नाही. कोलाजवाल्यांच्या पानात तेच तुकडे एकजीव कसे दिसतात? दुसरं म्हणजे भावाचं म्हणणं जुन्या वस्तूंना कात्री लावायची नाही, आणि मग कोलाज करायचं कसं हे मला कळत नाहीये. फेविकॉल चालेल का? काठाचं काय करू? चिकटवही १२ बाय १२ इंचाची, काळ्या पानांची घेतलीय. जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

---

कागदवेडी:

कवडसा, किती सुंदर सामान आहे गं तुझ्याकडे! पत्रं आणि तारा दोन्ही जपून ठेवल्या म्हणजे आई-बाबांना खरंच नमस्कार. तार तर आता बघायलाही मिळत नाही, २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवाच बंद झाली.

आधी तुझ्या भावाचं. तो शंभर टक्के बरोबर बोलतोय आणि त्याने कोलाज अडत नाही, उलट सोपं होतं. सगळ्यात पहिलं काम कात्री नाही, स्कॅनर. एकूण एक वस्तू स्कॅन कर, छोटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) कर म्हणजे मोठे करता येतात. मग कापायचं, फाडायचं, रंगवायचं ते सगळं प्रिंटवर. एकदा मूळ वस्तू बाजूला सुरक्षित ठेवली की हात मोकळा होतो, कारण चुकलं तर परत प्रिंट काढता येते आणि भीत भीत केलेलं कोलाज कधीच चांगलं होत नाही. अजून एक फायदा असा की प्रिंट काढताना आकार बदलता येतो. तुझं पान सुटं दिसतंय त्याचं अर्धं कारण तेच असणार, पोस्टकार्डाएवढे फोटो, तेवढीच पत्रिका, तेवढंच पत्र, सगळं एकाच मापाचं असलं की नजर कुठे थांबायची तेच कळत नाही. एका पानावर एकच वस्तू मोठी ठेव, म्हणजे खरंच मोठी, पानाचा निम्मा भाग खाणारी. बाकीच्या तिच्या आजूबाजूला लहान.

आणि पत्रातली एखादी ओळ, समजा "चि. सौ. ... हिस अनेक आशीर्वाद" किंवा नुसती बाबांची सही, ती इतकी मोठी करून प्रिंट काढ की वाचायलाच नको, फक्त अक्षराची वळणं दिसतील. ते झालं तुझं मागचं कापड. त्यावर फोटो ठेवलास की बाबांचं अक्षर आणि बाबांचा चेहरा आपोआप जोडले जातात, वेगळी सजावट लागत नाही. मला कोलाजमधली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, सजावटीचं सामान विकत आणायचंच नाही, आहे त्यातूनच काढायचं. बाजारातली चकाकी असलेली फुलपाखरं, 'लव्ह' लिहिलेले स्टिकर असलं काही आणू नकोस प्लीज.

मांडणी करताना थर लक्षात ठेव. खाली मोठे शांत तुकडे, मध्ये पोत असलेले (आहेराच्या वहीच्या रेघा, तिकिटाचा पुठ्ठा, काठाची जर), वर चेहरे. प्रत्येक तुकडा निदान एका दुसऱ्या तुकड्यावर थोडासा चढला पाहिजे. सगळं एकजीव दिसण्यासाठी हे जेवढं उपयोगी आहे तेवढं दुसरं काही नाही. चौकोनाशेजारी चौकोन आणि मध्ये एक बोट जागा सोडली की तो अल्बम झाला.

काही कडा फाडलेल्या ठेव काही कापलेल्या. वर्तमानपत्र एका दिशेला सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेला वाकडंतिकडं, कारण कागदातले तंतू बनतानाच एका दिशेला झोपलेले असतात, बहुतेक कागदांचं असंच असतं. आधी एका रद्दी प्रिंटवर दोन्ही बाजूंनी फाडून बघ. जाड कागद फाडल्यावर एका तुकड्याला पांढरी कड दिसते आणि दुसऱ्याला नाही, ओढायची दिशा बदलली की ती कड या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाते. काळ्या पानावर ती पांढरी कड फार देखणी दिसते.

सगळं मांडून झालं की मोबाइलने फोटो काढ आणि तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. सगळं एकसारखं करडं दिसत असेल तर गडद-फिकट कमी पडतंय. जमलं असेल तर तोच फोटो समोर ठेवून खालच्या थरापासून चिकटवत यायचं.

---

बांधणीकाका:

कागदवेडी ताईंनी मांडणीचं छान सांगितलं आहे, मी चिकटवण्याबद्दल लिहितो, माझा जन्म बाइंडिंगच्या कामात गेला.

फेविकॉल म्हणजे पांढरा गोंद, त्यात पाणी असतं. कागद पाणी पितो, फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पान वाकतं. पातळ कागदाला तर लगेच सुरकुत्या. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, जुनी पत्रं फाउंटन पेनने लिहिलेली असली तर ती शाई ओलीला विरघळते, तेव्हा मूळ पत्राला ओला गोंद लावायचाच नाही. इंकजेट प्रिंटचंही तेच, ओल लागली की रंग पसरतो. त्यामुळे प्रिंट शक्यतो लेझरवर काढा, त्यातली पुडीची शाई म्हणजे टोनर पाण्याने हलत नाही. छोट्या तुकड्यांना चांगली ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पाकिटावर अॅसिड-फ्री लिहिलेलं बघून घ्या. मोठ्या मागच्या कागदाला गोंद लावायचाच असेल तर थोडासा पातळ करून रुंद ब्रशने सगळीकडे सारखा पसरवा, मधून कडेकडे, वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. आणि पानाच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी बसते आणि पान सरळ राहतं. ही बांधणीतली जुनी युक्ती आहे.

सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडते, डिंक बाहेर येतो आणि डाग जात नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन किंवा रबराचा गोंदही फोटोला नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर तयार झालेले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो खराब होतात. पूर्वी आमच्याकडे मैद्याची खळ करायचे आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. घरी कुणी ते करू नका, मोरचूद विषारी असतं आणि फोटोजवळ तर नकोच.

काही मूळ वस्तू वहीत हव्याच असतील, आणि असाव्यात असं मला वाटतं, नाहीतर सगळी झेरॉक्सच होईल, तर त्या चिकटवायच्या नाहीत, अडकवायच्या. फोटोला चार कोपरे करा, कागदाची छोटी पट्टी घ्या, दोन्ही टोकं खाली दुमडून त्रिकोण करा, फोटोच्या कोपऱ्यावर चढवा आणि गोंद त्या त्रिकोणाच्या मागच्या भागाला लावा. फोटोला गोंदाचा स्पर्श होत नाही, उद्या काढावासा वाटला तर निघतो. पत्रासाठी कोलाजमध्येच एक खिसा करा, तीन बाजू चिकटवलेल्या वरची उघडी, त्यात मूळ पत्र घडी करून.

आता जाडी. कोलाजची वही फुगते, तोंड उघडं राहतं आणि शिलाईवर ताण येतो. बाइंडरकडे जाऊन शिवणीजवळ प्रत्येक दोन पानांमध्ये अर्ध्या-पाऊण इंचाच्या जाड कागदाच्या पट्ट्या घालून घ्या. तयार वही स्क्रूवाली असेल तर तुम्हालाच घालता येतील. हे काम पानं चिकटवायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही.

---

निळी_शाई:

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले पण माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. कोलाज वेगळं आणि चिकटवही वेगळी. कोलाजमध्ये तुकडा कुठून आला ते विसरलं तरी चालतं, कधी कधी विसरावंच लागतं. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ साली चित्रांत वर्तमानपत्रं, भिंतीचा कागद, वेताच्या विणीचं छापील चित्र असलेलं ऑइलक्लॉथ असलं चिकटवायला सुरुवात केली तेव्हा ते कापड कुणाच्या घरचं होतं हे कोण विचारणार होतं. पण कवडसाच्या वहीत तोच तर प्रश्न आहे! ही तार कुणाची, हा फोटोत मागे उभा असलेला मुंडावळ्यांकडे बघणारा मुलगा कोण. पत्र इतकं मोठं केलं की वाचताच येत नाही, हे एखाद्या पानावर ठीक आहे, सगळ्या पानांवर केलं तर वही देखणी होईल आणि मुकी होईल.

म्हणून प्रत्येक जोडपानात एक बाजू कोलाज आणि समोरची बाजू शांत ठेव, तिथे दोन-तीन गोष्टी आणि लिहिण्यासाठी भरपूर जागा. आणि तिथलं तू लिहू नकोस, आईकडून लिहून घे. सरप्राइज असेल तर निदान रेकॉर्ड करून घे गप्पा मारता मारता, फोटो दाखवायचे आणि हे कोण ते विचारायचं. आपल्याकडे बायकांची नावं लग्नानंतर बदलायची त्यामुळे आहेराच्या वहीत "सौ. सुमन" असेल आणि फोटोमागे तिचंच माहेरचं नाव असेल, ही जोडणी आज फक्त आईच करू शकते. फोटोच्या मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने कडेला, बॉलपेनने नाही, त्याचा दाब पुढे उमटतो. काळ्या पानावर पांढरं पेन घे, पिगमेंट शाईचं, जेल पेन आधी कोपऱ्यात घासून बघ कारण काहींची शाई वाळल्यावरही बोटाला लागते.

---

कवडसा:

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका, पट्ट्यांचं आजच बघते, वही स्क्रूवालीच आहे.

निळी_शाई, जोडपानाची आयडिया एकदम पटली. आईला सरप्राइज नाहीये त्यामुळे तिच्याकडूनच लिहून घेईन, तिचं अक्षरही सुंदर आहे. ती फक्त म्हणाली की सगळी पत्रं उघडी नकोत, म्हणजे नातेवाइकांच्या हातात वही जाणार. मग काय करता येईल?

अजून दोन गोष्टी. ८०-९० चे फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, वर प्लॅस्टिक उचलून खाली फोटो ठेवायचा तसला, आणि ते फोटो आता निघतच नाहीयेत. आणि काठाचं कुणीच सांगितलं नाही!

---

रानजाई:

काठाचं मी सांगते, शिवणकाम माझं क्षेत्र.

काठ सरळ कापलास तर धागे सुटतील आणि गोंद लावलास तर तो जरीतून वर येऊन डाग पडेल. शिंपी लोक कॉलरला लावतात ते चिकटणारं बक्रम मिळतं, पातळातलं पातळ घे, काठाच्या उलट्या बाजूला ठेवून इस्त्रीने चिकटव, इस्त्री मध्यम, वर सुती कापड, आणि आधी एका टोकाला छोटा तुकडा करून बघ. मग काठ कागदासारखा कापता येतो. खाली टेप लावून किंवा सुईने चार टाके घालून पानावर बसव. टाके मला जास्त आवडतात, पानाला आधी टोचणीने भोकं पाडून घ्यायची. काठाची जरतार खरी असेल तर ती काळी पडू शकते, तेव्हा ती मूळ फोटोला टेकू देऊ नकोस, मध्ये कागद हवा. आणि पूर्ण काठ वापरू नकोस, वीतभर पुरतो. बाकीच्या पानांसाठी काठ स्कॅन करून प्रिंट काढ, जरीची नक्षी कागदावर मस्त येते.

खरं तर छापील चित्रावर कापड आणि जर चिकटवणं आपल्याकडे नवीन नाहीच. राजा रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता, तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी गेली आणि कितीतरी घरांत त्यावर खऱ्या कापडाची साडी, टिकल्या, जर लावून ती मढवलेली असायची. चेहरा-हात छापील आणि साडी खरी. राजस्थानात नाथद्वाऱ्याला तर भक्तांचे फोटोतले चेहरे कापून रंगवलेल्या श्रीनाथजीच्या चित्रात बसवायचे, म्हणजे माणूस दर्शनाला उभा आहे असं चित्र तयार. तुझ्याकडे लग्नात आईचा शालूतला ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेलच, तो मोठा प्रिंट करून त्यावर फक्त काठाच्या जागी खरा काठ बसव. बाकी सगळं काळंपांढरं आणि तेवढाच रंग. पहिलं पान हेच कर, मला तर आत्ताच डोळ्यासमोर दिसतंय!

खाजगी पत्रांसाठी ट्रेसिंग पेपर. पत्राची प्रिंट ट्रेसिंग पेपरवर काढ, दोन पत्रांच्या प्रिंट एकावर एक ठेवल्या की अक्षर दिसतं पण ओळ लागत नाही. आणि काकांनी सांगितलेला खिसा आहेच, मूळ पत्र त्यात घालून वर दोऱ्याने बांधलं की आईची परवानगी असेल त्यानेच सोडायचं.

ट्रान्सफर पण करून बघ. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स उलटी, म्हणजे आरशातली, काढायची, ज्यावर उमटवायचंय त्यावर अॅक्रिलिक मीडियमचा (अॅक्रिलिक रंगात मिसळतात ते बिनरंगाचं माध्यम) थर देऊन प्रिंट पालथी ठेवायची, पूर्ण वाळली की मागून ओल्या बोटाने कागद चोळून काढायचा. टोनर खाली राहतो. थोडं कुठे कुठे उडतं पण पत्रासारख्या गोष्टीला ते शोभतं. इंकजेटवर हे होत नाही. आणि काळ्या पानावर दिसणार नाही, फिकट कागदावर कर आणि मग तो लाव.

---

घाटमाथा:

चिकट अल्बममधले फोटो ओढू नका, वाकले की वरचा थर तडकतो. दात साफ करायचा बारीक दोरा मिळतो, फ्लॉस, तो फोटोच्या एका कोपऱ्यामागे सरकवून हळूहळू करवतीसारखा पुढेमागे न्यायचा. तरी निघाला नाही तर तिथेच स्कॅन करा आणि राहू द्या. लालसरपणा येतो कारण त्या काळच्या कागदातला निळसर रंग आधी उडतो, मोबाइलवर बराच सुधारता येतो. पण माझं विचाराल तर ज्या पानावर वेगवेगळ्या काळातले फोटो एकत्र येतील तिथे सगळेच ब्लॅक अँड व्हाइट करा, लगेच एका घरातले वाटायला लागतात.

आम्ही कोकणातले त्यामुळे ओलीबद्दल सांगतो. चकचकीत फोटो समोरासमोरच्या पानांवर आले तर पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात, मध्ये बटर पेपर हवाच. अक्षता, हळदकुंकू, गजऱ्याची फुलं खरी चिकटवू नका, तांदळाला पोरकिडे आणि कुंकवाचा डाग समोरच्या पानावर. पत्रिकेवरचं कुंकू स्कॅनमध्ये छान येतं तेवढं पुरे. डांबरगोळ्या पण फोटोंजवळ नकोत. आणि हल्लीची एसटीची किंवा मॉलची मशीनमधली तिकिटं-बिलं लावणार असाल तर त्यांची प्रिंट लावा, मूळ कागद उष्णतेने छापलेला असतो, त्यावरची छपाई उडतेच, आणि गरम लॅमिनेशन केलं तर अख्खा काळा होतो.

---

कागदवेडी:

निळी_शाईंचं म्हणणं मान्य, जोडपानाची रचना माझ्यापेक्षा चांगली आहे. कवडसा, तीच धर.

काळ्या पानांवरून आठवलं. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाई होत्या, त्यांनी १७७२ मध्ये वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला सुरुवात केली, एकेका फुलात शेकडो तुकडे, आणि जवळपास १००० फुलं केली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, नेटवर नक्की बघ. बघताना त्यांचं काळं लक्ष देऊन बघ, किती मोकळं सोडलंय. तुझ्या पानावरही निदान एक तृतीयांश काळं दिसू दे, आणि ते एका जागी सलग दिसू दे, तुकड्यातुकड्यात नको.

कागद पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जाऊन घे जमलं तर. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदात लाकडातलं लिग्निन नसतं, ते वर्तमानपत्रात भरपूर असतं म्हणून तो कागद पिवळा पडून तुटतो. फाडल्यावर त्याची कडही सुंदर निघते.

---

कवडसा:

पुण्याला पुढच्या आठवड्यात जायचंच आहे, कागद आणते. पहिलं पान रानजाईने सांगितलं तसंच, आईला विचारलं, ती काठ द्यायला तयार आहे. फक्त एक शंका राहिली, पुठ्ठ्याची तिकिटं जाड आहेत, ती खिशात टाकली तर दिसणारच नाहीत, आणि मला ती मूळचीच हवीत. काय करू?

---

बांधणीकाका:

सोपं आहे. पानावर तिकिटाच्या मापाची खिडकी कापा, चारही बाजूंनी एक सूत लहान. मागून तिकीट ठेवा, त्यावर पारदर्शक पॉलिएस्टरचा तुकडा, आणि टेप फक्त पॉलिएस्टरला आणि पानाला, तिकिटाला नाही. पीव्हीसीचं प्लॅस्टिक घेऊ नका, ते कागदाला आणि फोटोला धरतं. तिकीट दोन्ही बाजूंनी दिसेल, मागची तारीखही वाचता येईल. ती खिडकी दुसऱ्या पानाच्या मांडणीत कुठे येतेय ते आधी बघून मगच कापा.